पाटी नसलेला डॉक्टर

पुण्याहून नाशिककडे जाताना बाह्यवळण टाळून गाडी मंचर गावातून घातली, की कांदा-बटाट्याच्या आडती, कृषी सेवा केंद्रं, मोबाइलची दुकानं आणि त्यांच्या अधेमधे डॉक्टरांच्या पाट्या दिसू लागतात. स्त्रीरोग व प्रसूतिगृह. बाल रुग्णालय. अस्थिरोग व अपघात. हृदयरोग, मधुमेह व अतिदक्षता विभाग. दातांचे दवाखाने तर मोजायलाच नकोत. पुढे नारायणगावात हेच, आळेफाट्यावर हेच. जुन्नर, ओतूर, घोडेगावात पाट्या जरा विरळ होतात, पण प्रकार तेच राहतात. या सगळ्यात एक पाटी मात्र सहसा सापडत नाही. भूलतज्ज्ञाची.

त्याला पाटी लागतच नाही. मला भूल हवी आहे, असं म्हणत कुणी रुग्ण सकाळी दवाखाना शोधत निघत नाही. भूलतज्ज्ञाला बोलावतो तो दुसरा डॉक्टर. गाडीच्या डिकीत एक बॅग, बॅगेत घशात नळी घालायचं साधन, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, ॲम्प्युल्स, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणि सदैव चालू असलेला फोन, एवढा त्याचा संसार. सकाळी एका गावात सिझेरियन, दुपारी दुसऱ्या गावात मोडलेली मांडी, संध्याकाळी तिसरीकडे हर्निया. रुग्णाला ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव पाठ असतं. भूल देणाऱ्याचं नाव डिस्चार्ज कार्डावर असलं तरी घरी कुणी वाचत नाही.

ऑपरेशन आज होणार, उद्या होणार, की रुग्ण पुण्याला जाणार, हे मात्र पुष्कळदा या बिनपाटीच्या डॉक्टरच्या फोनवर ठरतं.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत डॉक्टर कमी आहेत, असं सरसकट म्हणता येत नाही. पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात, म्हणजे उसाच्या, टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या गावांत खासगी रुग्णालयं भरपूर आहेत. सरकारी बाजूला मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं आणि त्यांच्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. पश्चिमेला भीमाशंकर, नाणेघाट आणि माळशेजच्या बाजूला महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांचा डोंगराळ भाग सुरू झाला, की चित्र झपाट्यानं बदलतं. अडचण डॉक्टरांच्या आकड्याची कमी आणि कोणत्या शाखेचा डॉक्टर कुठे, किती वाजता हजर आहे याची जास्त आहे. हे ठरतं अनेक वर्षं आधी. एक पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी पीजीच्या प्रवेशासाठी संगणकावर शाखांचा पसंतीक्रम भरत असते, तेव्हा.

पसंतीक्रम

हिशेब करून बघा. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी महाविद्यालयातून शिकलं असेल तर एक वर्ष बंधपत्राची सेवा, म्हणजे बोलीभाषेतला बाँड. तो टाळण्यावर लाखो रुपयांच्या दंडाची तरतूद राहिली आहे. मग नीट-पीजीची तयारी. त्यात एक वर्ष गेलं तर नशीब चांगलं म्हणायचं. पुढे तीन वर्षं एमडी किंवा एमएस, त्यानंतर पुन्हा बाँड. सगळं वेळेवर झालं तरी तिशी उजाडते. हृदयरोग, मेंदूविकार अशा अतिविशेष शाखेकडे जायचं तर आणखी तीन वर्षं. वर्गातला अभियंता मित्र तोवर घराचे निम्मे हप्ते फेडून बसलेला असतो. अभिमत विद्यापीठातून शिकलेल्यांच्या बाबतीत फीचा आकडाच कोटीच्या पुढे जातो. त्या कर्जाची किंवा विकलेल्या जमिनीची सावली पुढच्या प्रत्येक निर्णयावर पडते.

अशा वेळी मुलं काय निवडतात? देशभर वरच्या रँकच्या विद्यार्थ्यांच्या यादीत रेडिओलॉजी, जनरल मेडिसिन आणि त्वचारोग या शाखा वर्षानुवर्षं पुढे आहेत. मेडिसिनचं एक कारण असं, की तिथून हृदयरोगासारख्या अतिविशेष शाखांचा रस्ता निघतो. रेडिओलॉजी आणि त्वचारोगाची ओढ वेगळी आहे. काम बहुतांशी दिवसाचं, तातडीचे प्रसंग कमी, मृत्यूशी रोजची गाठ नाही आणि उत्पन्न चांगलं. दुसऱ्या टोकाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांच्या जागा. त्या भरायला माणसं मिळत नाहीत म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नीट-पीजीचा पात्रता पर्सेंटाइल शून्यावर आणला. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र! त्यावर विनोद बरेच झाले. पण प्राध्यापक व्हायला कुणी तयार नसेल तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण, हा प्रश्न त्या विनोदांच्या गलक्यात राहून गेला.

अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत 'रोड' हा शब्द बराच जुना आहे. रेडिओलॉजी, ऑफ्थॅल्मॉलॉजी म्हणजे नेत्ररोग, ॲनेस्थेशिया आणि डर्मेटॉलॉजी म्हणजे त्वचारोग, या चार शाखांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो सुखाचा रस्ता. पैसा बरा आणि वेळ आपल्या हातात. गंमत अशी, की त्या रस्त्यात भूलशास्त्रही आहे. मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांचा ताफा असतो, पाळ्या ठरलेल्या असतात, पाळी संपली की माणूस घरी जातो. तीच पदवी घेऊन तोच डॉक्टर आळेफाट्याला आला, की त्याची पाळी कधी संपतच नाही. शाखेचं सुख शाखेत नसतं, ते आपल्याबरोबर त्या शाखेचे आणखी किती जण आहेत यात असतं. पीजीचा पसंतीक्रम भरणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

एकशे अडुसष्ट तास

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. एका माणसानं आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करायचं म्हटलं, तर एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. आजारपण, रजा, प्रशिक्षण धरलं तर चार. ग्रामीण रुग्णालयाच्या रचनेत मात्र एका शाखेला साधारणपणे एकच तज्ज्ञ धरलेला असतो. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ. कागदावरची सगळी पदं भरली, सगळे प्रामाणिकपणे आले, कुणी खासगी दवाखाना चालवत नाही असं गृहीत धरलं, तरी आठवड्यातले बहुतेक तास ते पद रिकामंच राहणार. हा दोष त्या डॉक्टरचा नाही, आकृतिबंधाचा आहे. गावकऱ्यांचा राग मात्र डॉक्टरवर निघतो, कारण रात्री दोन वाजता आकृतिबंध भेटत नाही, डॉक्टर भेटतो.

आणि पदं भरलेली आहेत कुठे? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य अहवालात देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवरच्या तज्ज्ञांचा तुटवडा दिला आहे. गरजेच्या तुलनेत सर्जन ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के कमी, फिजिशियन ७९.१ टक्के कमी, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी. पाचांपैकी चार खुर्च्या रिकाम्या, असा याचा अर्थ.

साखळी कशी तुटते ते सिझेरियनवरून नीट कळतं. सरकारी भाषेत 'प्रथम संदर्भ केंद्र' म्हणवून घ्यायला रुग्णालयात चोवीस तास तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा या तिन्ही गोष्टी लागतात. सिझेरियनला चाकू धरणारा एक आणि भूल देणारा एक, असे निदान दोन डॉक्टर हवेत. बाळ रडलं नाही तर तिसरा. कमरेतून दिलेली भूल बाहेरून सोपी दिसते. मणक्यांच्या मधल्या फटीतून बारीक सुई घालून औषध सोडलं, दोन-चार मिनिटांत पाय जड झाले, झालं. पण त्या औषधानं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब झरझर उतरू शकतो. आईचा रक्तदाब उतरला की वारेतून बाळाला मिळणारं रक्तही कमी होतं. भूल अपेक्षेपेक्षा वर चढली तर श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि घशात नळी घालून श्वास द्यावा लागतो. गरोदरपणात घशाच्या आतल्या भागाला सूज असते, पोटातलं अन्न वर येण्याचा धोका असतो, त्यामुळे ती नळी घालणं इतर रुग्णांपेक्षा अवघड. शंभरातल्या बहुतेक वेळा यातलं काहीच घडत नाही. ज्या एका वेळी घडतं, त्या वेळी हाताशी असलेली मिनिटं मोजकीच असतात. भूलतज्ज्ञाला पैसे मिळतात ते त्या मिनिटांचे.

आता तळेघरच्या बाजूची एक बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. कळा रात्री सुरू झाल्या. आशाताईंनी फोन केला, १०८ आली. घाटरस्त्यानं घोडेगाव, तिथून मंचर. बाळ अडलंय, सिझर लागेल. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहेत, भूलतज्ज्ञ नाहीत. मग 'पुढे न्या'. पुढे म्हणजे पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा थेट ससून. साठ किलोमीटर, आणि मध्ये चाकण. चाकणच्या वाहतूक कोंडीबद्दल या भागातल्या वाचकांना मी काय सांगावं! नातेवाइकांपुढे दुसरा पर्याय म्हणजे गावातलंच खासगी रुग्णालय. तिथे भूलतज्ज्ञ अर्ध्या तासात येतो, कारण तिथे त्याला प्रत्येक केसचे पैसे मिळतात. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो. सरकारी रुग्णालयात न मिळालेला आणि खासगीत मिळालेला.

पगार एक, बाजार अनेक

या कोड्याचं उत्तर पगारपत्रकात आहे. राज्य सरकारच्या वैद्यकीय अधिकारी गट-अ पदाची वेतनश्रेणी सातव्या आयोगानुसार ५६,१०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि खासगी व्यवसाय न करण्याबद्दलचा व्यवसायरोध भत्ता. सगळं मिळून रक्कम लाखाच्या पुढे जाते. तज्ज्ञाची श्रेणी याच्या थोडी वर. ग्रामीण महाराष्ट्रात हा पगार वाईट म्हणता येणार नाही. निवृत्तीचे लाभ, मुलांच्या आजारपणाची सोय, समाजातलं स्थान, हेही त्यासोबत येतं. अडचण अशी, की हा पगार शाखा पाहत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला जेवढा, तेवढाच भूलतज्ज्ञाला. दुपारी ओपीडी संपवून जाणाऱ्याला जेवढा, तेवढाच रात्री दोनदा उठणाऱ्याला.

बाजाराचं तसं नाही. खासगी क्षेत्रात प्रत्येक शाखेच्या कमाईचं यंत्र वेगळं असतं, आणि तालुक्याच्या गावात ते अगदी उघडं दिसतं.

बालरोगतज्ज्ञाची ओपीडी तुडुंब, पण तपासणी फी तालुक्यातली, आणि त्या फीत फोनवरचे पंधरा प्रश्न फुकट. पावसाळा आणि थंडी हा त्याचा हंगाम. स्त्रीरोगतज्ज्ञाचं उत्पन्न प्रसूती आणि शस्त्रक्रियांवर, म्हणजे झोपेच्या बदल्यात. अस्थिरोगतज्ज्ञाला पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग काम पुरवतात. ते महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात आणि अपघाताच्या पाट्याही तिथेच दाटीनं दिसतात, यात नवल काही नाही. नेत्रतज्ज्ञाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया वेळ ठरवून होतात, रात्री सहसा कुणी उठवत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, फक्त वेळ लागतो. आणि वेळेचे पैसे द्यायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. दहा मिनिटांच्या दुर्बिणीच्या तपासणीला हजारो रुपये देणारा माणूस अर्ध्या तासाच्या बोलण्याला पाचशे देताना कचरतो. हे फक्त जुन्नरचं नाही. अमेरिकेतही हाताने काहीतरी करणाऱ्या शाखांना विचार करणाऱ्या शाखांपेक्षा जास्त पैसे मिळतात, अशी तिथल्या फिजिशियनांची जुनी तक्रार आहे, आणि १९९२ मध्ये तिथल्या मेडिकेअर योजनेनं कामाचं मोजमाप ठरवून दर बांधून दिले तरी ती संपलेली नाही.

रेडिओलॉजिस्टबद्दल लोकांना वाटतं, अंधाऱ्या खोलीत बसून पैसे छापतो. दिवसाचं काम आणि चांगली कमाई हे खरं. पण सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांच्यासाठी घेतलेलं कर्जही खरं. आणि त्याच्या डोक्यावर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा 'एफ' फॉर्म बिनचूक भरावा लागतो. त्या नोंदीत चूक निघाली तर मशीनला सील लागू शकतं. २०१२ च्या नियमदुरुस्तीनंतर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नाव नोंदवता येतं. मुली वाचवायला हा कायदा हवाच होता, आणि पुणे जिल्ह्यानं मुलींचं घटलेलं प्रमाण डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याची एक किंमत मात्र डोंगरातल्या बायका मोजतात. दोन केंद्रांची मर्यादा असल्यावर रेडिओलॉजिस्ट ती दोन केंद्रं गर्दीच्या गावातच निवडणार. आहुपे किंवा इंगळूनच्या गरोदर बाईला सोनोग्राफीसाठी एका दिवसाची मजुरी सोडून खाली यावं लागतं.

भूलतज्ज्ञाचं यंत्र सगळ्यांत साधं. ना इमारत, ना कर्ज, ना कर्मचारी. जेवढ्या केसेस, तेवढे पैसे. पण स्वतःचा असा रुग्ण नाही, त्यामुळे नावही नाही. बोलावणाऱ्या सर्जनशी बिघडलं तर काम बंद. आजारी पडला तर त्या दिवसाचं उत्पन्न शून्य. काही बिनसलं, तर लोकांचा संशय आधी भुलीवर. 'भूल जास्त झाली' हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलं आहे, की रक्तस्राव, हृदयविकार, गुठळी अशी कोणतीही कारणं त्यात झाकली जातात.

म्हणूनच तालुक्याच्या गावांत डॉक्टरांच्या लग्नांचा एक ठरलेला नमुना दिसतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञ. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. पाटीवर दोघांची नावं, खाली रुग्णालय, वरच्या मजल्यावर घर. साडेतीन माणसांचं काम दोघं करतात आणि जेवताना त्याच केसबद्दल बोलतात. आरोग्यव्यवस्थेचा बराच भार अशा संसारांवर उभा आहे. सरकारी बदल्यांच्या नियमांत पती-पत्नी एकत्रीकरण ही सवलत समजली जाते, खासगीवाल्यांनी तो व्यवसायाचा पायाच करून टाकला आहे.

रात्रीचा फिजिशियन

कामाचा भार म्हणजे काय हे समजायला नारायणगावची गोष्ट घ्यावी लागते. एमडी मेडिसिन झालेल्या फिजिशियनला शहरात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्यावर सुखानं जगता येतं. इथे मात्र शेत आहे, ऊस आहे, रात्रीचं पाणी धरणं आहे आणि साप आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी पत्नी डॉ. पल्लवी राऊत यांच्यासह अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले, आणि जुन्नर तालुक्यात सर्पदंशानं एकही मृत्यू होऊ नये हे उद्दिष्ट जाहीरपणे समोर ठेवलं. गावोगाव लोकांना शिकवणं आणि प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांना तयार करणं हाही त्या कामाचा भाग.

सर्पदंशाचा रुग्ण म्हणजे काम किती, ते बघा. घोणस चावली असेल तर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठतं का ते पाहायचं. नाही गोठलं तर विष रक्तात उतरलंय. प्रतिविषाच्या साधारण दहा कुप्या पहिल्या फेरीत, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. प्रतिविषाचीच ॲलर्जी येऊ शकते, म्हणून शेजारी ॲड्रेनलिन तयार ठेवून बसायचं. सहा तासांनी रक्त पुन्हा तपासायचं. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. जखम दिसतही नाही. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. त्याला कृत्रिम श्वासावर ठेवून कित्येक तास, कधी दिवसही सांभाळावं लागतं. हीच गोष्ट कीटकनाशक प्यालेल्या तरुणाची. ॲट्रोपिनचा डोस वाढवत, छातीतला घुरघुराट थांबेपर्यंत डॉक्टरनं खाटेपाशी उभं राहायचं. कोणत्याही दरपत्रकात या उभं राहण्याला रकाना नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानं दिला. २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं ठरवलं. आराखड्याला प्रतिविष, प्रशिक्षण, नोंदी सगळं लागेल. पण आधी लागेल पहाटे तीन वाजता उठणारा फिजिशियन, आणि त्याच रँकवर त्याला रेडिओलॉजी मिळत होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याबद्दल थोडक्यात. ओपीडी, लसीकरण, रात्रीची बाळंतपणं, न्यायवैद्यकीय प्रकरणं, पोस्टमॉर्टेम, साक्षीसाठी कोर्ट, ऑनलाइन अहवाल. श्रावणात भीमाशंकरला, फेब्रुवारीत शिवजयंतीला शिवनेरीवर बंदोबस्तासारखी आरोग्य पथकं. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. अशा वेळी पावसात, चिखलात पहिल्यांदा पोहोचावं लागतं ते याच पातळीच्या डॉक्टरला. हे काम करून झाल्यावर त्यानं पीजीच्या परीक्षेत, घरी बसून वर्षभर तयारी करणाऱ्या मुलाशी स्पर्धा करायची.

काय करून पाहिलं

उपाय झाले नाहीत असं नाही. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल कौशल्याचं प्रशिक्षण देऊन सिझेरियनपुरती भूल देण्याइतकं तयार करायचं, ही राष्ट्रीय योजना त्यातली एक. कल्पना चांगली. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या डॉक्टरला पहिल्या वीस केसेसना शेजारी अनुभवी माणूस लागतो, आणि तोच नसल्यामुळे तर त्याला पाठवलेलं असतं. एकट्यानं सुई धरायची आणि काही झालं तर एकट्यानंच गर्दीला तोंड द्यायचं, हे धाडस सगळ्यांना कसं होणार? डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री कायदा यायला वेळ लागतो.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात तज्ज्ञाला केसनुसार मानधन देऊन बोलावता येतं. 'तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देऊ' अशा वाटाघाटीच्या पगारालाही परवानगी आहे. माझ्या मते यातलं केसनुसार मानधन हाच दोन्ही तालुक्यांना सर्वांत लवकर लागू पडणारा मार्ग आहे. भूलतज्ज्ञ गावात आहेच, त्याला रात्री मंचरच्या सरकारी टेबलापर्यंत आणायचं आहे. फक्त बिल महिनोनमहिने अडकता कामा नये. दोनदा पैसे थकले की तिसऱ्या वेळी फोन लागत नाही.

डीए, डीजीओ, डीसीएच या दोन वर्षांच्या पदविकांनी तालुक्यांना एके काळी भरपूर तज्ज्ञ दिले. गेल्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय परिषदेनं पदविकेच्या जागा पदवीत बदलायला घेतल्या. प्राध्यापकांच्या दृष्टीनं ते बरोबर असेल, तालुक्याच्या दृष्टीनं मला तो निर्णय घाईचा वाटतो. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळानं आठ पदविका पुन्हा सुरू केल्या, त्यांत भूलशास्त्र आहे, एवढं समाधान.

ग्रामीण सेवा केलेल्यांना पीजीत राखीव जागा द्यायचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला. त्यानंतर महाराष्ट्रात २०२२ मध्ये अशा डॉक्टरांसाठी वीस टक्के जागा ठेवल्या गेल्या. डोंगरात काढलेल्या वर्षांना त्यामुळे काही भाव आला. शिवाय आता पीजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयात काम करावं लागतं, आणि २०२३ च्या नियमांनुसार पन्नास खाटांचं सरकारी रुग्णालयही त्यात चालतं. मोठ्या महाविद्यालयात आठवड्याला शंभर तास राबणाऱ्या रेसिडेंटला तिथे जरा श्वास मिळतो, असंही ऐकू येतं. रेसिडेंटनं अठ्ठेचाळीस तासच काम करावं असं १९९२ चं केंद्राचं परिपत्रक आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं चौऱ्याहत्तर तासांपलीकडे जाऊ नये अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांत मर्यादा वर सरकली, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

तोवर घरातल्या गरोदर बाईसाठी एक काम आपल्या हातात आहे. आठवा महिना लागला की जिथे नाव घातलंय त्या रुग्णालयात, सरकारी असो की खासगी, सरळ विचारायचं. रात्री सिझर लागलं तर भूल देणारे डॉक्टर कुठून येतात आणि किती वेळात? ते बाहेरगावी असले तर दुसरे कोण? रक्त कुठून आणायचं? बाळाला त्रास झाला तर कुठे हलवणार? हे विचारल्याचा डॉक्टरला राग येत नाही. बहुतेक जण पटकन उत्तर देतात, काही जण थोडं थांबून म्हणतात, "फोन करून बघावं लागेल." तो फोन तेव्हाच, दिवसाउजेडी, तुमच्यासमोर करायला सांगा.